दोन दिवस पलीकडच्या बाजूला

विजापूरला गेलेली बहुतेक मराठी माणसं तिथं मुक्कामाला थांबत नाहीत. सोलापूरहून सकाळी निघायचं, गोलघुमटात टाळी वाजवायची, ती किती वेळा परत येते ते बोटांवर मोजायचं, जेवायचं आणि बदामीच्या नाहीतर हंपीच्या वाटेला लागायचं, असा सरधोपट बेत असतो. सहलींच्या पत्रकांतही या गावाच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस येतो, तोही 'वाटेत' म्हणून.

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण तिथल्या इमारतींची संख्या हे नाही. लहानपणापासून ज्याचं नाव इतकं ऐकलं आणि तरी जे डोळ्यांसमोर कधी उभंच राहिलं नाही, असं आपल्यासाठी दुसरं शहर नसेल. चौथीच्या इतिहासातलं विजापूर म्हणजे फक्त एक दरबार. तिथं कुणी विडा उचलतं, कुणी फर्मान काढतं, बडी बेगम संतापते. त्या दरबाराबाहेर रस्ते आहेत का, पाणी कुठून येतं, भाजी कुठं विकतात, काही कळत नाही. नाटकातल्या मागच्या पडद्यासारखं ते शहर आपल्या गोष्टीच्या पाठीमागे टांगलेलं असतं.

म्हणून दोन दिवस हाताशी असले तर माझा सल्ला असा, की सगळं पाहण्याच्या फंदात पडूच नये. आपल्याला पाठ असलेली सालं खिशात टाकून जावं. प्रत्येक इमारतीला तिचं साल विचारावं आणि त्या साली आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवावं. या एका खेळात दोन दिवस पुरतात, आणि जे सुटतं त्याची हळहळ वाटत नाही.

जायचं ते दिवाळीनंतर, होळीच्या आत. उन्हाळ्यात इथला दगड रात्रीपर्यंत तापलेला असतो आणि दुपारी बारा ते चार माणूस सावली सोडत नाही. सोलापूरहून होटगीमार्गे रेल्वे आहे, रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपास. २०१४ पासून सरकारदरबारी गावाचं नाव विजयपुरा आहे, त्यामुळे तिकीट काढताना ते शोधावं. टांगेवाल्याला मात्र काहीही म्हटलं तरी चालतं. टांगे अजून आहेत, आणि गावाचा जुना भाग बघायला त्यांचाच वेग योग्य आहे. मी ज्यांच्या टांग्यात बसलो त्या चाचांनी पहिल्याच वळणावर दख्खनीत यादी ऐकवली, "गोलघुमट, इब्राहीम रोजा, तोप, बाराकमान. बस, हो गया साब." मी म्हटलं, चाचा, आज फक्त दोनच ठिकाणं. त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की भाडं कमी करून मागतोय की काय. भाडं तेच राहील म्हटल्यावर त्यांना ही योजना एकदम आवडली.

गोलघुमटाला पहाटे जावं. दरवाजा सूर्योदयाच्या सुमारास उघडतो, आणि शाळांच्या सहली यायच्या आत जो तास-दीड तास मिळतो, तोच खरा गोलघुमट. साडेनऊनंतर वरच्या सज्ज्यात पोहोचलात तर चाळीस पोरं एकाच वेळी आपापलं नाव ओरडत असतात आणि घुमट ती सगळी नावं ढवळून परत देतो. त्यातही मजा आहे, पण ती वेगळी.

चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी मनोरे आहेत, सात-सात मजल्यांचे, आणि वर जायचे जिने त्या मनोऱ्यांतून. जिना अरुंद, पायऱ्या उंच. गुडघे दुखत असतील तर आधी खालीच नीट बघून घ्यावं, कारण खाली बघण्यासारखं जे आहे त्याकडे वर पळणाऱ्यांचं लक्षच जात नाही. मधल्या चौथऱ्यावर लाकडी छत्रीखाली महंमद आदिलशहा आणि त्याच्या घरच्यांची थडगी दिसतात. ती नुसती खूण आहे, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. आता चौथऱ्याजवळ उभं राहून मान वर करावी. बाहेरून जवळपास ४४ मीटर व्यासाचा घुमट डोक्यावर आहे आणि आत एकही खांब नाही. मग हे तोललंय कशावर? भिंतींमधून आठ कमानी निघतात आणि एकमेकींना छेदत वर जातात. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यावर जी आकृती होते, तशी त्यांची गुंफण आहे. चौकोनी खोलीचा वर्तुळाकार घुमटाशी सांधा या कमानी जुळवतात. एवढा घुमट स्वतःच्या वजनाने भिंती बाहेर ढकलू पाहतो, आणि आत झुकलेलं या कमानींचं ओझं त्याला उलट दिशेने धरून ठेवतं. दोन्ही जोर एकमेकांना अडवून बसलेत, साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ.

ही करामत करणारा म्हणून याकूत दाभोळी या माणसाचं नाव घेतलं जातं. दाभोळ म्हणजे आपलं रत्नागिरी जिल्ह्यातलं, वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथलं. कोकणात उतरणाऱ्या आदिलशाही व्यापाराचं ते मोठं बंदर होतं. दाभोळला मासळी घ्यायला जाणाऱ्या माझ्या एका मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे घुमट आमचाच." मराठी माणसाचा इतिहासाशी असलेला व्यवहार थोडक्यात असा आहे.

वर सज्ज्यात गेल्यावर ओरडू नये. भिंतीला तोंड लावून हळू बोलावं. समोर, घुमटाच्या पलीकडच्या अंगाला, कान लावून उभ्या असलेल्या माणसाला ते जवळून बोलल्यासारखं ऐकू येतं. कागद फाडला तरी कळतो. आमच्यासमोर एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याने काहीतरी प्रेमाचं कुजबुजलं असावं, कारण पलीकडून बायकोचा खणखणीत आवाज आला, "पाण्याची बाटली तुमच्याकडं आहे का?" तो प्रश्न घुमटाने सात-आठ वेळा विचारला.

आता सालं. महंमद आदिलशहा १६२७ मध्ये गादीवर आला आणि १६५६ मध्ये वारला. थडग्याचं काम त्याच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीभर चाललं, तरी बाहेरचा गिलावा अर्धवटच राहिला. दक्षिणेकडच्या दारावरच्या फारसी ओळींतून त्याच्या मृत्यूचं हिजरी साल १०६७ निघतं. याच माणसाच्या चाकरीत शहाजीराजे होते. जुलै १६४८ मध्ये जिंजीजवळच्या छावणीत त्यांना कैद झाली, विजापूरला आणलं गेलं, आणि पुढच्या वर्षी शिवाजीराजांनी कोंढाणा सोडून दिल्यावर सुटका झाली. ते कैदेत होते तेव्हा या इमारतीला बांबूंची परांची बांधलेली असणार. चुन्याच्या घाण्या फिरत असणार, विटा वर चढत असणार. आपण शाळेत शिकतो त्या कैदेला खिडकी असेल तर त्या खिडकीतून हे दिसलं असेल का, हा प्रश्न मला सज्ज्याबाहेर येऊन गावावर नजर टाकताना पडला. पुस्तकात तो पडला नव्हता.

आवारातल्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथं हत्यारांच्या दालनापेक्षा कागदांसमोर आणि शिलालेखांसमोर जास्त वेळ द्यावा. आदिलशाहीचा महसुली कारभार मोठ्या प्रमाणावर मराठीत चाले. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्याला, हिशेबातून फारसी काढून देशी भाषा आणि देशी कारकून आणले, असं फेरिश्ता लिहितो, आणि फेरिश्ता स्वतः पुढे याच दरबारात बसून इतिहास लिहीत होता. आपले देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांची दप्तरं याच व्यवस्थेत तयार झाली. स्वराज्याचा कारभार कोऱ्या पाटीवर सुरू झाला नव्हता, एवढं इथं नीट समजतं.

त्या दिवशी दुपारी जेवून झोपावं. हा सल्ला मी गंभीरपणे देतोय. जुनं शहर पाहायला जाणारा माणूस दुपारी दोन वाजता तिसऱ्या इमारतीसमोर उभा असतो तेव्हा त्याला काहीही दिसत नसतं. जेवण लिंगायत खानावळीत घ्यावं. ज्वारीची पातळ भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णेगाई, शेंगांची चटणी, कच्चा कांदा, वर दही. सोलापूरकरांना यात परकं काही वाटणार नाही, पुण्या-मुंबईकरांनी चटणी बेताने घ्यावी. वाढणाऱ्या अक्कांना मी मोडक्या कन्नडमध्ये "साकु", म्हणजे पुरे, म्हटलं तर त्यांनी मराठीत विचारलं, "भात नको का?" ५६ सालापर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. साठीच्या पुढचा दुकानदार गाठलात तर तुमचं मराठी त्याला सहसा कळतंच.

ऊन उतरलं की पश्चिमेच्या तटाकडे निघावं. 'मुलूखमैदान तोफ' हे शब्द आपण गावोगावच्या व्याख्यानमालांच्या फलकांवर इतके वाचलेत, की ती खरीच कुठंतरी पडलेली आहे हे ध्यानात राहत नाही. ती शेर्झा बुरुजावर आहे. चौदा फुटांहून थोडी लांब, वजन ५५ टनांच्या आसपास, तोंडाला जबडा फाडलेला सिंह आणि त्याच्या दाढेत हत्ती. ही मूळची विजापूरची नव्हेच. १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी नावाच्या तुर्की कारागिराने ती ओतली. निजामशाहीकडून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली, आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने परांड्याहून विजापूरला आणली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. एवढं धूड काळ्या मातीतून ओढताना आकडा त्याहून कमी असेल असं वाटत नाही.

मुरार जगदेव हे नाव ऐकून पुणेकराने थबकायला हवं. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, ते याच माणसाच्या हुकमाने. जिजाऊंनी नंतर जिथं सोन्याचा नांगर फिरवल्याची गोष्ट आपण सांगतो, ती जमीन. आणि हाच मुरारपंत १६३३ मध्ये भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला करतो, दानधर्म करतो, गावाला तुळापूर नाव पडतं. युक्ती शहाजीराजांनी सुचवली अशी कथा आहे: हत्ती नावेत चढवायचा, नाव बुडते तिथं खूण करायची, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरायचे. १६३५ मध्ये दरबारी कारस्थानात मुरारपंत मारला गेला. पुणं उजाड करणारा, तुळापूरला पुण्य करणारा, तोफ ओढून आणणारा हा एकच ब्राह्मण सरदार आपल्या कुठल्याच सोप्या खान्यात बसत नाही. तोफेजवळ उभं राहिल्यावर मला त्याचंच जास्त आठवत होतं.

तोफेला हात लावून पाहावा, उन्हातही ती फारशी तापत नाही असं सगळे सांगतात. संध्याकाळी गेल्याने त्याची परीक्षा घेता आली नाही. तिची आणखी एक हकिगत मोठी गमतीची आहे. १८५४ च्या सुमारास इंग्रज कमिशनरने विजापुरातलं निरुपयोगी सरकारी सामान लिलावात काढलं, त्यात ही तोफही होती. सर्वांत वरची बोली आली दीडशे रुपयांची. रक्कम फारच किरकोळ, आणि लोक तोफेला मानतात, म्हणून व्यवहार रद्द झाला. दीडशे रुपये जरा वाढले असते तर व्याख्यानमालांचं काय झालं असतं!

जवळच उपली बुरूज आहे, तटापासून सुटा, ऐंशी फूट उंच, १५८४ चा. बाहेरून वळसे घेत दगडी जिना वर जातो. वर दोन लांबलचक तोफा आहेत, लोखंडी पट्ट्या जोडून वरून कड्या चढवलेल्या. त्यांतली मोठी तीस फुटांची आहे. पण इथं यायचं ते गावाचा आवाका कळायला. पूर्वेला गोलघुमट, पश्चिमेला इब्राहीम रोजाचे मनोरे, मधे तट आणि त्या तटाच्या आत-बाहेर पसरलेलं आजचं गाव. घरांच्या गर्दीत मधेच चौकोनी दगडी मनोरे दिसतात, त्यांना गंज म्हणतात. ते पाण्याचे. तोरवीकडून आणि बेगम तलावाकडून जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि मातीच्या नळांतून पाणी येई, त्याचा दाब या मनोऱ्यांत मोडून ते पुढे वाटलं जाई. पावसाच्या बाबतीत कंजूष असलेल्या मुलखात राजधानी थाटायची तर आधी हे करावं लागतं. ताज बावडी आणि चांद बावडी या दोन मोठ्या विहिरीही त्याच काळजीतून आलेल्या. चांद बावडीतली चांद म्हणजे नगरचा किल्ला लढवणारी आपली चांदबीबी. ती विजापूरची सून, पहिल्या अली आदिलशहाची राणी. नगरच्या लोकांनी तिला माहेरवाशीण म्हणून ठेवून घेतली आणि सासर विसरून गेले.

दुसऱ्या दिवसाची सकाळ पूर्णच्या पूर्ण इब्राहीम रोजाला द्यावी. कुणाकडे फक्त दोन तास असतील, तर मी त्याला गोलघुमट सोडून इथं जायला सांगेन. यावर वाद होऊ शकतो, खुशाल व्हावा. गोलघुमट थक्क करतो, रोजा बसवून ठेवतो. एकाच जोत्यावर समोरासमोर दोन इमारती, पूर्वेला मकबरा, पश्चिमेला मशीद, मधे हौद. दुसरा इब्राहीम आदिलशहा आणि त्याची बेगम ताज सुलताना इथं आहेत, मलिक संदल हा त्याचा रचनाकार, आणि काम पुरं झालं १६२६ मध्ये. शिवनेरीवरच्या जन्माला अजून चार वर्षं होती.

मकबऱ्याच्या भिंतींभोवती फिरताना घाई करू नये. भिंती अक्षरांनी भरलेल्या आहेत, आणि खिडक्यांत जाळीऐवजी अक्षरंच कोरून आरपार काढली आहेत. आतला उजेड त्या ओळींमधून गाळून येतो. आत वर पाहिलं तर छत सपाट. चाळीस फूट रुंद खोलीवर दगडाच्या सपाट तुकड्यांचं छत, खाली ना खांब ना तुळई. चुना इतका घट्ट की तुकडे एकमेकांना धरून आहेत. कोणी जाणकार बांधकामवाला बरोबर असेल तर त्याला इथं दहा मिनिटं एकटं सोडावं, तो आपोआप गप्प होतो.

आणि हा इब्राहीम! सुमारे नऊ वर्षांचा असताना गादीवर आला, १५८० ते १६२७ राज्य केलं, आणि लोकांनी त्याला जगद्गुरू म्हटलं. त्याने दख्खनीत 'किताब-ए-नौरस' नावाचा गीतसंग्रह लिहिला. त्यातली गाणी रागांत बांधलेली आहेत, आणि त्यांत सरस्वती आणि गणपतीची स्तवनं आहेत. त्याच्या तंबोऱ्याचं नाव होतं मोतीखान, आवडत्या हत्तीचं आतिशखान. गाण्यांमध्ये दोघंही येतात. ज्या दरबाराचं नाव घेतलं की आपल्याला अफझलखानच आठवतो, त्याच दरबारात त्याआधी दोन पिढ्या असा एक राजा होऊन गेला, हे सांगितल्याने अफझलखान काही कमी क्रूर ठरत नाही. पण दोन्ही माहीत असलेलं बरं.

इब्राहीमच्या काळातलं शहर कसं होतं याचा एक साक्षीदार आहे. अकबराचा वकील असद बेग १६०३-०४ मध्ये इथं आला होता. इथला बाजार पाहून तो हरखून गेला. लांबच लांब रुंद रस्ता, दुकानं, दुकानांसमोर झाडं, जडजवाहीर, मद्य, गाणंबजावणं, सगळ्याचं त्याने खमंग वर्णन केलंय. आणि परत जाताना नवलाईची वस्तू म्हणून त्याने तंबाखू नेला, सोबत जडावाची चिलीम. अकबराने ती ओढून पाहिली, दरबारच्या हकिमांनी नाकं मुरडली. आग्र्याला तंबाखू विजापूरहून गेला, ही माहिती तुमच्या गटातल्या एखाद्या पान-तंबाखूवाल्या काकांना जरूर द्या, दिवसभर खूश राहतील.

जामा मशीद दुपारच्या आधी, शुक्रवार टाळून. १५६५ च्या तालिकोट लढाईनंतर विजयनगरच्या लुटीचा पैसा आला तेव्हा पहिल्या अली आदिलशहाने ती सुरू केली. तीही पुरी झाली नाही. फरशीवर काळ्या कडांनी एकेका नमाज्याची जागा आखलेली आहे, २२५० चौकोन. ते औरंगजेबाच्या काळातले. विजापूर घेतल्यावर त्याने इथले मखमली गालिचे उचलून नेले आणि बदल्यात या रेषा दिल्या, असं तिथं ऐकायला मिळतं. इथला सोनेरी रंगकामाचा मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, १६३६ चा. त्याच्याही लेखात दाभोळचा याकूत भेटतो.

असार महाल आणि मेहतर महाल बाहेरून पाहून पुढे गेलात तरी चालेल. गगन महालाला मात्र जावंच. १५६१ चा हा दरबार महाल, समोर एक प्रचंड कमान, साठ फुटांहून रुंद, दोन्ही बाजूंना दोन अरुंद. छप्पर नाही, लाकूड नाही, नुसता सांगाडा. चौथीच्या पुस्तकातला दरबार शोधायला निघालेल्या माणसाला जे मिळतं ते हे. सप्टेंबर १६८६ मध्ये दीड वर्षाच्या वेढ्यानंतर सिकंदर आदिलशहा औरंगजेबापुढे हजर झाला आणि आदिलशाही संपली. त्याला चांदीच्या बेड्या घालून इथं आणलं असं सांगतात. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि चार-पाच वर्षांचा असल्यापासून राजा.

या महालाचं लाकूड कुठं गेलं, हे मी तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना विचारलं. ते क्षणभर माझ्या मराठीकडे बघत राहिले आणि मग हसून म्हणाले, "तुमच्याकडंच." इंग्रजी अमदानीतलं गॅझेटिअरही तेच नोंदवतं. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामाने विजापूर पेशव्यांना दिलं, १८१८ पर्यंत ते आपल्या ताब्यात होतं, आणि त्या काळात इथल्या वाड्यांचं लाकूडकाम उचकटून नेलं गेलं. ५८ वर्षं विजापूर मराठी अमलाखाली होतं हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? पुण्यावर गाढवाचा नांगर फिरला ते आपण विसरत नाही. विजापूरच्या तुळया कुणाच्या माडीला लागल्या, त्याचा पोवाडा कुणी रचलेला नाही.

पण याच शहराची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला माझ्या मते बाराकमानीसारखी दुसरी जागा नाही. दुसऱ्या अली आदिलशहाचा हा अर्धवट मकबरा. अफझलखान, पन्हाळ्याचा वेढा, पावनखिंड, सगळं याच्याच कारकिर्दीतलं. हा १६७२ मध्ये वारला आणि बांधकाम जिथल्या तिथं थांबलं. काळ्या दगडाच्या कमानींच्या रांगा उंच जोत्यावर उभ्या आहेत, वर आभाळ. संध्याकाळी इथं गावातली माणसं बसायला येतात, पोरं अभ्यासाची पुस्तकं घेऊन येतात आणि गप्पा मारतात. अली गेला आणि दोन वर्षांत रायगडावर राज्याभिषेक झाला.

त्यानंतर पाच वर्षांनी, १६७९ मध्ये, मोगल सरदार दिलेरखान विजापूरवर चालून आला. गादीवर लहानगा सिकंदर, कारभार सिद्दी मसूदकडे, पठाण आणि दख्खनी सरदारांत फाटाफूट. मसूदने मदत मागितली ती शिवाजीमहाराजांकडे. महाराजांनी फौज पाठवली, रसद पाठवली, स्वतः स्वारीवर निघाले आणि मोगली मुलखात धामधूम करून दिलेरखानाची पाठ पोळली. वेढा फसला. दक्षिणची पातशाही दक्षिण्यांच्या हाती राहिली पाहिजे, हा विचार त्यांनी दोन वर्षांपूर्वी मालोजी घोरपड्यांना लिहिलेल्या पत्रात मांडला होता, तो इथं त्यांनी आचरणात आणला. ज्या दरबाराने वडिलांना कैद केलं, अफझलखान धाडला, त्याची राजधानी वाचवायला. आणि गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. तेव्हा संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीत होते. नोव्हेंबरात ते अथणीच्या मुक्कामावरून निसटले आणि आश्रयाला आधी आले ते विजापुरातच, तिथून पन्हाळ्याला. घराण्यातली एवढी मोठी कोंडी सुटताना वाटेत हे शहर होतं. मी हे सगळं बाराकमानीच्या जोत्यावर बसून बरोबरच्या भाच्याला सांगत होतो. तो म्हणाला, "मामा, मग ते आपले शत्रू होते की नव्हते?" मी म्हटलं, साल सांग, मग सांगतो.

भाचे लोक साठ कबरीचा हट्ट धरतातच. गावाच्या पश्चिमेला, आडबाजूला, एका चौथऱ्यावर एकाच मापाची साठाहून जास्त थडगी ओळीत आहेत. प्रतापगडाला निघण्याआधी अफझलखानाला ज्योतिषाने मरण सांगितलं, म्हणून त्याने आपल्या बायका विहिरीत ढकलल्या, ही दंतकथा सगळे सांगतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. एकजात नीटस बांधलेली इतकी थडगी मोहिमेच्या घाईत उभी राहत नाहीत, आणि ही गोष्ट इतकी सोयीची आहे की तिचा संशयच यावा. जवळच खानाने स्वतःसाठी बांधायला घेतलेला मकबरा आहे. तो रिकामा राहिला, कारण खान प्रतापगडाच्या पायथ्याशीच पुरला गेला. हे मात्र खरं आहे, आणि त्याला दंतकथेची गरज नाही.

इतक्या लांब गेलातच तर तसंच पुढे तोरवीला जावं. इब्राहीमने १५९९ मध्ये इथं नौरसपूर नावाचं नवं शहर वसवायला घेतलं, गाण्याबजावण्याचं शहर. १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकून निजामशाहीचा वजीर मलिक अंबर थेट इथवर आला आणि त्याने ते लुटून मोडून टाकलं. भातवडीला निजामशाहीच्या बाजूने लढणाऱ्यांत शहाजीराजे होते. म्हणजे मुरार जगदेवाच्या आधी सहा वर्षं, उलट्या दिशेने, हेच घडून गेलं होतं. आज शेतांच्या कडेला संगीत महाल उभा आहे. गगन महालाचीच धाकटी प्रत, तशीच कमान, तसंच छप्पर नसलेलं. पहारेकरी असला तर असतो. कमानीखाली उभं राहून कुणी गाणारं बरोबर असेल तर त्याला चार सूर लावायला सांगावेत, आवाज छान खेळतो. फक्त जाताना रिक्षावाल्याशी जाऊन-येऊन भाडं ठरवा आणि त्याला थांबवून ठेवा. तिथून परतीला काही मिळत नाही, आणि सोलापूरची गाडी कुणासाठी थांबत नाही.